आहेर म्हणजे विक्री नव्हे

आमच्या कंपनीने शून्याचा वाढदिवस साजरा केला. थट्टा नाही, खरंच केला. 'मेळा' या आमच्या ॲपवर सबंध वर्षात पिस्तुलाची एकही खाजगी विक्री झाली नाही, म्हणून खराडीच्या ऑफिसात शून्याच्या आकाराचा केक आणला होता. आमचे प्रमुख निमिष दातार मूठभर माणसांपुढे माईक घेऊन उभे राहिले आणि सुरक्षित समाज, जबाबदार मंच, लोकांचा विश्वास असं बरंच काही बोलले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात. मी केक खाल्ला नाही, तेवढीच माझी सुटका.

मी हेमलता पडवळ, माहेरची टेमगिरे. 'मेळा'च्या शस्त्र-तपास विभागात काम करते. गप्पा, फोटो, पैसे पाठवणं, लग्नपत्रिका, सगळं आता माणसं 'मेळा'वरच करतात. त्यातच पूर्वी गावठी पिस्तुलंही विकली जायची, अगदी जुन्या सोफ्यासारखी, 'किंमत फोनवर' असं लिहून. कंपनीला त्याचं काही वाटत नव्हतं. मग सरकारने कायदा केला की मंचावर पिस्तूल विकलं गेलं तर मंचाचे मालकही आरोपी. मालकांना तुरुंगाचं दार दिसलं आणि त्यांचा विवेक एका रात्रीत जागा झाला.

आधी आम्ही शब्द अडवले. 'पिस्तूल' अडवलं तर लोक 'खेळणं' म्हणू लागले. 'खेळणं' अडवलं तर 'म्हैस' म्हणू लागले. 'म्हैस' अडवली तेव्हा खरोखरच्या म्हशी विकणारे गवळी आमच्या दारात येऊन शिव्या घालून गेले. फोटो अडवले तर विक्रेत्यांनी फोटो टाकणंच सोडलं. आम्ही दार लावायचो आणि ते खिडकीतून आत यायचे.

मग 'वळसा' आला, आमचं नवं तपासयंत्र. त्याच्या मागची कल्पना मला आजही आवडते, म्हणून जरा सांगते. वळसा वाचत नाही. शब्द नाहीत, फोटो नाहीत, आवाज नाही. त्याच्यासाठी प्रत्येक माणूस म्हणजे रांगोळीचा एक ठिपका. पैसे गेले की रेघ. एका दारातून निघालेली गाडी दुसऱ्या दारी थांबली की रेघ. कुणाच्या मेव्हण्याला अचानक नोकरी लागली, कुणाला निम्म्या भावात मोटारसायकल मिळाली, तरी रेघ. अशा कोट्यवधी रेघांमधून वळसा एकच गोष्ट शोधतो: जो रस्ता निघाला तिथेच येऊन पोचतो, असा रस्ता. विकणारा शब्द बदलेल, हात बदलेल, चार महिने दमही धरेल. पण फुकट कुणी विकत नाही. मोबदला कुठून तरी फिरत फिरत त्याच्या घरी येतोच, आणि वळसा तिथे आधीच येऊन बसलेला असतो.

पहिल्याच महिन्यात राज्यभरातले विक्रेते सापडले. आणि त्यांच्याबरोबर सापडली लाखो साधी घरं.

कारण आपला आहेर. तुम्ही माझ्या मुलीच्या लग्नात भांडी दिलीत, की मी तुमच्या वास्तुशांतीला साडी देणार, आणि ती तुमच्या भांड्यांपेक्षा थोडी वरचढ देणार. नाही दिली तर तुम्ही जन्मभर लक्षात ठेवणार. वळशाच्या लेखी हा चोख व्यवहार होता. त्याने या सगळ्यावर 'विक्री' असा शेरा मारला आणि खाती गोठवली, तीही ऐन लग्नसराईत. लोक खवळले. मोर्चे निघाले. एका चौकात तर लोकांनी आहेरात आलेला मिक्सर जाळून निषेध केला. यंत्राला आपली संस्कृती कळत नाही, असं जो तो म्हणत होता. माझ्या मते यंत्राला ती फारच नीट कळली होती, पण तसं बोलायची सोय नव्हती.

कंपनीने हात जोडून माफी मागितली आणि 'शुभकार्य' नावाची सवलत काढली. लग्न, बारसं, मुंज, वाढदिवस, वास्तुशांत, काहीही असो. त्या निमित्ताने जे दिलं-घेतलं जाईल त्याकडे वळसा बघणार नाही. फोटोही तपासले जाणार नाहीत. गावोगावी फ्लेक्स लागले, पेपरांत पानभर जाहिराती आल्या: 'आहेर म्हणजे विक्री नव्हे.' मी बैठकीत म्हटलं, "सर, पिस्तूलवालेही लग्नांना जातात." सगळे हसले. दातार म्हणाले, "मॅडम, लोकांच्या भावनांशी आपल्याला खेळायचं नाही."

केकनंतरच्या रविवारी मी माहेरी, वडजाईवाडीला गेले. माझ्या भावाच्या मुलीचं, तेजलचं, लग्न ठरलं होतं. आमच्या गावच्या जमिनी कारखान्यांना गेल्यापासून सोपानदादाच्या गळ्यात जाडजूड साखळी आली आणि दारात पांढरी गाडी. पण दादा वाईट माणूस नाही. घरात कोंबडी कापायची तर तोंड फिरवून उभा राहणारा माणूस तो.

"ये, हेमे, ये. मानाचा आहेर आलाय, बघ," तो म्हणाला.

सिंधूवहिनीने देवघरापुढचं ताट आणलं. शाल, नारळ, पेढ्यांचा पुडा आणि लाल मखमलीची पेटी. तिने पेटी उघडली. आत पिस्तूल होतं. त्याच्या नळीला हळदकुंकू लावलेलं, वर अक्षता, आणि चापाच्या कडीत झेंडूचं फूल खोचलेलं.  

"दादा, हे कुणी दिलं?"

"आबासाहेबांनी. व्याह्यांनी सोता हातानं दिलं. एवढ्या सोयऱ्यांत आपल्यालाच मान केला त्यांनी."

"लायसन आहे तुझ्याकडे?"

"आगं, लायसन इकत घेणाऱ्याला लागतं. मी कुठं इकत घेतलंय?" तो मनापासून चकित झाला होता. "तुझ्याच कंपनीनं नाय का पेपरात दिलं? आहेर म्हंजी विक्री नव्हं."

 तो मला बनवत नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं.

"दादा, कायद्यानं हे घरात ठेवणंसुद्धा गुन्हा आहे. परत कर."

वहिनीने ताट छातीशी धरलं. "वन्सं, आहेर कुणी परत करतं व्हय? त्यांच्या तोंडावर मारल्यासारखं हुईल. सोयरीक मोडंल."

"आन आपल्यालाबी आता वरचढ करायला पायजे," दादा म्हणाला. "त्यांनी एक दिलं, आपण जोडी द्यायची. एका पाव्हण्याला सांगून ठेवलंय. रुखवतात मांडू, मधोमध."

चकल्या, अनारसे, लोकरीची तोरणं आणि मधोमध पिस्तुलांची जोडी. मी चहा तसाच ठेवून उठले.

तेजल मला रस्त्यापर्यंत सोडायला आली. फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला आहे ती, शहाणी, कमी बोलणारी पोरगी. फाटकाशी येऊन थांबली.

"आत्या, त्यांच्याकडं असली पिस्तुलं कपाटभर आहेत. आलेली वेगळी, द्यायची वेगळी. ऋतुराजनं मला साड्या दाखवाव्यात तशी दाखवली."

ऋतुराज म्हणजे तिचा होणारा नवरा, आबासाहेब गारगोट्यांचा मुलगा.

"मी त्याला म्हटलं, मला हे आवडत नाही.  तो नुसता कपाटाकडं बघत राहिला, मग माझ्याकडं बघून हसला. आत्या, मला त्या घरात जायचं नाही."

"दादाला सांगितलंस?"

"सांगितलं. पप्पा म्हणतात, पत्रिका वाटून झाल्या, आता काय तोंड दाखवू? तू तुझ्या मशीनला सांग ना. आहेर अडला की बोलाचाली होतील, लग्नही अडेल."

मी सांगते म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

सोमवारी ऑफिसात मी वळशाची एक प्रत घेतली, तिच्यातली सवलत बंद केली आणि आमच्या जिल्ह्याची लग्नसराई तिच्यातून फिरवली. सोबत फोटो ओळखणारं जुनं यंत्रही जोडलं. लोकांनी फोटो बिनधास्त टाकले होते, कारण शुभकार्यात कुणी बघणारच नव्हतं. पडद्यावर रेघा उमटू लागल्या आणि थांबेचनात.

तेव्हा माझ्या डोक्यात खरा प्रकाश पडला. विकत घ्यायला आधी इच्छा लागते. पिस्तूल हवंय असं ठरवून दार ठोठावणारी माणसं समाजात थोडीच असतात. आहेराला इच्छा लागत नाही. तो आपणहून घरात येतो, नाही म्हणता येत नाही, आणि परत करायचा तो वरचढच करावा लागतो. एकाच्या बदल्यात जोडी, जोडीच्या बदल्यात तीन. पूर्वी जी वस्तू गुंडांकडे होती ती आता आहेराच्या वाटेने दातांच्या डॉक्टरकडे, प्राथमिक शाळेच्या बाईंकडे, भजनी मंडळाच्या पेटीवाल्याकडे पोचली होती. यातल्या कुणालाही ती नको होती. बहुतेकांनी ती कपाटात साड्यांखाली ठेवली होती आणि पुढच्या लग्नाची वाट बघत होते, कुणाच्या तरी गळ्यात मारायला. आम्ही विक्री बंद केली होती, आणि बंद करून पिस्तुलांना घरोघरचं आमंत्रण मिळवून दिलं होतं. वर ज्या पानांवर हे फोटो होते, त्यांच्या शेजारीच आमच्या कंपनीच्या जाहिराती चालू होत्या: 'मानाच्या आहेरासाठी खास मखमली पेट्या. लहान, मध्यम, मोठी.'

मी दातारांना बोलावून पडदा दाखवला. त्यांनी चष्मा पुसून नीट पाहिलं.

"यात विक्री किती?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या व्याख्येनं शून्य."

"मग झालं तर."

"सर, माणसांच्या घराघरांत पिस्तुलं आहेत."

"कायद्यात 'विक्री' हा शब्द आहे, मॅडम. 'घराघरांत' असा शब्द नाही." मग त्यांनी माझ्या केबिनचं दार लोटलं आणि आवाज खाली आणला. "माझ्याकडेही आलंय हो. आमच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला साडूनं दिलं. लॉकरमध्ये ठेवलंय. मिसेसला अजिबात आवडत नाही, पण तोंडावर नाही कसं म्हणणार? मे महिन्यात एका भाचीचं लग्न आहे, तिकडे देऊन टाकू."

हा माणूस दर दिवाळीला आलेले सुकामेव्याचे डबे असेच पुढे ढकलतो, हे मला माहीत होतं. चेहराही अगदी तसाच होता. मला त्यांच्या स्वच्छ इस्त्रीच्या शर्टाची, माझ्याच टेबलावरच्या तुळशीच्या कुंडीची, सगळ्याचीच किळस आली.

ते गेल्यावर मी माझ्या अधिकारात गारगोटे ते टेमगिरे या रस्त्यावर 'विक्री' असा शेरा मारला. पडद्यावर उत्तर आलं: 'शुभकार्य. सवलत लागू. वधूवरांना मेळा परिवारातर्फे हार्दिक शुभेच्छा.' पुन्हा मारला, पुन्हा शुभेच्छा आल्या.

दादाला फोन केला तर त्याने अर्ध्यात कापला. पुन्हा लावला तर वहिनीने उचलला आणि म्हणाली, "वन्सं, लेकराच्या शुभकार्यात इघ्न आणू नका." उरले पोलीस. पण पोलिसांकडे आजवर अशी तक्रार कुणी केलीच नव्हती. कोण करणार? देणारा सोयरा, घेणारा घरचा. आपलेच दात आणि आपलेच ओठ. तक्रार केली तर आत जाणार तो माझा भाऊ. मी फोन हातात घेऊन बसले आणि तो तसाच खाली ठेवला. हळदीपर्यंत दादाला समजावू, अशी मी माझी समजूत घातली.

हळद लग्नाच्या आदल्या दुपारी होती. अंगणात मांडव, दोन्ही बाजूंना भिंतीएवढे स्पीकर. तेजल पाटावर बसली होती. गारगोट्यांकडची मंडळी उष्टी हळद घेऊन आली. हल्ली नवरदेवही सोबत येतो, तसा ऋतुराजही आला होता, काळा चष्मा लावून. आबासाहेबांनी दादाला मिठी मारली आणि सगळ्यांदेखत विचारलं, "आमचा आहेर कुठं हाय, व्याही? बाहेर काढा की. लोकांना बघू द्या."

दादाने पेटी आणली. माझ्याकडे बघायचं त्याने टाळलं.

फोटोवाल्याने पेटीतलं पिस्तूल उचलून तेजलच्या हातात दिलं. "नवरीबाई, नवरदेवाच्या छातीवर धरा. ॲक्शन पोज. जरा हसा."

"मला नको," तेजल म्हणाली.

"अहो, फोटोपुरतं."

"मला नको म्हटलं ना."

ऋतुराजने हसत चष्मा कपाळावर सरकवला. त्याने तिच्या मुठीवर आपली मूठ आवळली, पिस्तूल फिरवलं आणि नळी तिच्या गालावर टेकवली. "हिला नको तर माझी पाळी," तो म्हणाला. मांडवात खसखस पिकली. पोरांनी शिट्ट्या मारल्या. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. तेजलच्या गालावरच्या ओल्या हळदीत नळीचा गोल उठला. ती हललीसुद्धा नाही, डोळे मिटून श्वास धरून बसली. आणि दादा, कोंबडी कापताना तोंड फिरवणारा माझा दादा, सगळ्यांबरोबर हसला. मग त्याचं हसणं तसंच तोंडावर राहिलं आणि डोळे मात्र भांबावले. पण तो जागचा उठला नाही.

एवढी घाण मी आयुष्यात पाहिली नव्हती, आणि ती सगळी माझ्याच माणसांची होती.

मी गोठ्यामागे जाऊन पोलिसांचा एकशे बारा नंबर लावला.

"माझ्या भावाच्या घरात बेकायदा पिस्तूल आहे. सोपान टेमगिरे, वडजाईवाडी."

"तुम्ही कोण?"

"सख्खी बहीण."

पलीकडच्या हवालदाराने विचारलं, "बाई, जमिनीचं भांडण आहे का?"

"नाही. लग्न आहे. लवकर या, पोरीच्या गालाला लावलंय त्यांनी ते."

जीप आली तेव्हा पंगत बसायच्या बेतात होती. फौजदार बाई उतरल्या आणि त्यांच्या खुणेसरशी स्पीकर बंद झाला. पिस्तूल पेटीत, पेटी पाटाशेजारी, पाटाशेजारी दादा.

"कुणाचं हे?"

आबासाहेब दोन पावलं मागे सरकले. "आम्हाला काय ठावं? टेमगिऱ्यांच्या घरातलं हाय."

दादाला वाटलं ते गमतीनं म्हणताहेत. "आवो आबासाहेब, आहेर न्हाय का तुम्ही..."

"कसला आहेर? आम्ही शाल-नारळ दिला. इचारा कुणालाबी."

फौजदार बाईंनी सभोवार पाहिलं. मघाशी शिट्ट्या मारणारी पोरं माना खाली घालून आपापल्या फोनवरचे फोटो पुसत होती. ऋतुराजचा चष्मा परत डोळ्यांवर गेला होता. ज्या मानाच्या आहेरासाठी माझी भाची त्या घरात जाणार होती, तो आहेर डोळ्यांदेखत कुणाचाच राहिला नाही.

हवालदाराने दादाचा दंड धरला. दादाने मांडवभर नजर फिरवली आणि ती माझ्यापाशी येऊन थांबली.

"हेमे, तू केलास फोन?"

"हो, दादा."

वाटलं, तो आता माझं तोंड फोडेल. फोडलं असतं तरी मी हलले नसते. पण तो माझ्या कानाशी वाकला आणि घाईघाईने कुजबुजला, "मग त्यास्नी सांग, सोपाननं पैसं देऊन इकत आणलंय. आबासाहेबांचं नाव घिऊ नको. पोरीचं लगीन हुंदे."

मला रडू आलं, आणि रडताना त्याचा रागही आला. 

दादाची कुजबुज पाटापर्यंत गेली होती. तेजल उठली. हळदीने माखलेली, अनवाणी, ती वहिनीचा हात सोडवून सरळ फौजदार बाईंपुढे जाऊन उभी राहिली.

"विकत आणलेलं नाही ते," ती म्हणाली. "आबासाहेब गारगोट्यांनी दिलंय. त्यांच्या घरी असली कपाटभर आहेत. कुठल्या खोलीत ते मी सांगते. लिहून घ्या."

"ए पोरी!" आबासाहेब ओरडले. "तोंड सांभाळ! सोयरीक मोडली म्हणून समज!"

"समजले," तेजल म्हणाली. मग तिने एकदा दादाकडे पाहिलं. 

"आणि पप्पांनी ते घेतलं," ती म्हणाली. "तेही लिहा."